एल्डरविकवाले खानविलकर

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली बघायला गेले तेव्हा खानविलकर काका जेवणाच्या टेबलापाशी शिलाई मशीनचं पोट उघडून बसले होते. काकूंनी मला आत नेलं, खोली दाखवली, कपाट उघडून दाखवलं, बाथरूमचा गीझर कसा लावायचा ते सांगितलं. आम्ही बाहेर आलो तरी काका मशीनमध्येच. मान वर न करता म्हणाले, "पीएचडी कशात केलीस?"

"धातुशास्त्रात," मी म्हटलं.

"म्हणजे लोखंडाला तडा का जातो ते तुला ठाऊक असेल."

"थोडंफार."

"शैला, हिला खोली दे."

मुलाखत संपली. त्या खोलीत मी दोन वर्षांहून जास्त राहिले. विद्यापीठातून एमआरटीच्या रेल्वेने घरी यायला तासाच्या वर लागायचा, जवळ राहणाऱ्या मैत्रिणी मला वेड्यात काढायच्या, पण मी हलले नाही.

काका मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, शेवटची काही वर्षं सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत जहाजांच्या दुरुस्त्या बघण्यात. तेव्हा रोज तुआसच्या गोदीत जायचे. निवृत्त झाल्यावर दोघं इथेच राहिले. मुलगा मेलबर्नला. बोटीवरचे जुने लोक काकांना 'चीफ' म्हणत; पण इथल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख निराळी होती. "कोण खानविलकर?" "अरे ते, एल्डरविकवाले." मग विचारणारा हसायचा आणि दोघं दुसऱ्या विषयाकडे वळायचे.

एल्डरविक ही एक मोटारगाडी. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात बनत असे. अत्यंत उंची गाडी, श्रीमंतांसाठीच. जेमतेम सात-आठ वर्षं तो कारखाना चालला आणि बंद पडला. 'बंद पडला' हे शब्द काका नेहमी आवाज खाली आणून उच्चारायचे, घरातलं कुणी गेल्यासारखे. त्या कारखान्याचा इतिहास ते मराठीत लिहीत होते. लिटिल इंडियातून आणलेल्या दोनशे पानी वह्या, बारीक उभट अक्षर, समासात पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या. मी राहायला गेले तेव्हा तेरा वह्या भरल्या होत्या, चौदावी चालू होती.

"मराठीत कोण वाचणार, काका?" मी एकदा विचारलं.

"इंग्रजीत लिहायला इंग्रज आहेत की. त्यांनी नाही लिहिलं, म्हणून मी लिहितोय. आता मीच लिहायचं तर माझ्या भाषेत लिहीन."

काकूंचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "यांना आपल्या लग्नाची तारीख विचार, आठवणार नाही. एल्डरविकला कुलूप लागलं तेव्हा वार कुठला होता ते विचार, लगेच सांगतील." काका लगेच सांगायचे, "गुरुवार."

एकदा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मंडळाने त्यांना बोलायला दहा मिनिटं दिली. काका पुठ्ठ्यावर काढलेली गिअरबॉक्सची आकृती घेऊन स्टेजवर चढले. पंचवीस मिनिटं झाली. विंगेत नऊवारी नेसून उभ्या असलेल्या छोट्या मुली जांभया द्यायला लागल्या. मागे जेवणाच्या डब्यांची झाकणं वाजायला लागली तशी माणसं एकेक करून उठली. संयोजकाने चिठ्ठी पाठवली. काकांनी ती चष्म्याजवळ धरून माइकवरच वाचली, "'काका, आवरा.' आवरतो. तर, दुसऱ्या गिअरमध्ये गंमत अशी होती–" शेवटी हॉलमध्ये काकू, मी आणि माइकवाला एवढेच उरलो. घरी येताना बसमध्ये ते खुशीत होते. म्हणाले, "माइकवाल्याने शेवटपर्यंत ऐकलं. तमिळ माणूस, एक अक्षर कळलं नसेल. पण ऐकलं."

यंत्रांच्या बाबतीत त्यांना कसलाच संकोच नव्हता. एकदा सकाळी आमच्या ब्लॉकची लिफ्ट त्यांना वेगळी वाजली. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'कृपया ही लिफ्ट वापरू नये' असं इंग्रजीत लिहून दाराला चिकटवलं आणि दुरुस्तीवाले येईपर्यंत चार तास तिथेच उभे राहिले. बाजारहाट घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या दुसऱ्या लिफ्टपर्यंत स्वतः नेऊन द्यायचे आणि शिव्या खाऊन परत जागेवर. दुरुस्तीवाल्याने सगळं उघडून पाहिलं. एक पत्रा सैल झाला होता, बस. दोन स्क्रू आवळले, काम झालं. मला वाटलं, काका ओशाळतील. ते घरी येऊन म्हणाले, "फक्त पत्रा होता. बरं झालं." आणि पोटभर जेवले.

एल्डरविकच्या इतिहासातला एक प्रसंग मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आज मलाही तो पाठ आहे. कारखान्याचा मालक स्वतः इंजिनिअर. तयार झालेली प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी हा माणूस दिवसभर स्वतः चालवून बघायचा, शक्यतो खराब रस्त्यावर. गाडीच्या आत शिसवी लाकूड, करड्या कापडाच्या गाद्या, ड्रायव्हरशी बोलायला नळी. सगळं छान चाललेलं. एके दिवशी एका डॉक्टरची गाडी वळणावर खंदकात गेली. डॉक्टरला फारसं लागलं नाही. मालक स्वतः बघायला गेला, तर स्टिअरिंगच्या दांड्याला तडा. बाकीच्या गाड्या ठणठणीत होत्या. भागीदार म्हणाले, बोलू नका कुठे. गाड्या दुरुस्तीला येतील तसे दांडे गुपचूप बदलून टाकू. मालकाने ऐकलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की चूक आमची आहे, गाडी चालवू नका, आमची माणसं तुमच्या दारात येऊन दांडा बदलून देतील. तेच पत्र मोटारींच्या एका साप्ताहिकात छापून आणलं. सगळे दांडे बदलून झाले. पण त्यानंतर नवी गाडी घ्यायला कुणी आलं नाही. ज्या गाडीचा मालकच म्हणतो की ती मोडू शकते, ती कुठला श्रीमंत घेईल? पुढे युद्ध आलं, आणि नंतर त्या कारखान्यातून एकही गाडी बाहेर पडली नाही.

"वेडा होता," मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं.

"होता," काका म्हणाले. "पण त्याच्या गाडीत कुणी मेलं नाही."

ते साप्ताहिक काकांना तरुणपणी लिव्हरपूलला एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं होतं. त्याच वेळी का भिडलं, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. तो भाग पुढे येईल.

चौदावी वही अर्धी झाली असताना इंग्लंडहून एक ईमेल आला. उरल्यासुरल्या एल्डरविक गाड्यांची नोंद ठेवणारी तीन-चार हौशी माणसांची एक मंडळी तिकडे होती, काकांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार असे. त्यांनी लिहिलं होतं की सिंगापुरातल्याच एका गृहस्थाकडे पूर्ण एल्डरविक आहे असं कळतंय. इंजिनासकट पूर्ण गाडी जगात दुसरी नाही. तुम्ही ती पाहून तुमचा अहवाल द्याल का? काकांनी तो ईमेल मला मोठ्याने वाचायला लावला. मग परत एकदा. मग उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. किती तरी वर्षं ज्या गाडीची ते फक्त चित्रं काढत होते, ती कटोंगला होती, घरापासून एका बसच्या अंतरावर.

गृहस्थांचं नाव मिस्टर टॅन. ऐंशी पार केलेले, निवृत्त शाळामास्तर, भूगोल शिकवायचे. बायको गेलेली, मुलगी ग्रेस त्यांच्याजवळ राहायची. घर आजोबांच्या वेळचं, मागे रामबुतानचं झाड. त्या आजोबांनीच ती गाडी बोटीने मागवली होती. जपानी सैन्य आलं तेव्हा लोकांच्या मोटारी जप्त व्हायला लागल्या. आजोबांनी इंजिन काढून, तेलकट ताडपत्रीत गुंडाळून झाडाखाली पुरलं. बिनइंजिनाचं धूड कुणी नेलं नाही. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी टॅनच्या वडिलांनी इंजिन उकरून काढलं, साफ केलं, परत बसवलं. ही गोष्ट टॅन फार सुंदर सांगायचे. मी त्या पहिल्या रविवारी काकांबरोबर होते. काकांना मोतीबिंदू झाला होता, अंधाऱ्या जागेतली बारीक अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून नंबर वाचायला मला नेलं होतं.

गॅरेजचं दार उघडलं. गडद हिरवी गाडी, निकेलचे दिवे. काका दारातच थांबले. दोन-तीन मिनिटं आत गेलेच नाहीत. टॅननी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला उभे राहिले. मला वाटतं, दोघांची मैत्री तिथेच झाली.

त्यानंतर काका दर रविवारी कटोंगला जायला लागले. टॅन त्यांना 'चीफ' म्हणायचे. दोघं आधी हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर बिनसाखरेची काळी कॉफी प्यायचे, मग गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसायचे. काका वहीतलं मराठी वाचून तिथल्या तिथे इंग्रजी करून सांगायचे. टॅन मध्येच थांबवून विचारायचे, तो डॉक्टर पुढे काय झाला? मालकाला मुलं होती का? इतक्या वर्षांत काकांना हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. रविवारी संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा चपला काढतानाच काकूंना सांगायला सुरुवात करायचे. काकू मला म्हणाल्या, "बरं झालं गं. माझे कान आता म्हातारे झाले."

बोनेट मात्र उघडलं जात नव्हतं. कधी टॅनना बरं नसायचं, कधी पाऊस, कधी "नेक्स्ट टाइम लाह, चीफ." काकांनाही घाई नव्हती. गोड घास शेवटी ठेवावा तसं ते चाललं होतं. पण इंग्लंडची मंडळी अहवाल मागत होती, आणि टॅनचं हृदय अधू झालं होतं. एका रविवारी तेच म्हणाले, "आज बघून टाका."

मी टॉर्च धरला. बोनेट वर गेलं. काका वाकले. एल्डरविकच्या इंजिनात सिलिंडर दोन-दोनच्या जोडीत ओतलेले असत, मध्ये बोटभर फट. ते मलाही वहीतल्या आकृत्या बघून माहीत होतं. इथेही दोन जोड्या दिसत होत्या, मध्ये फट होती. पितळी पट्टीवर नंबर होता, मी वाचला, काकांच्या यादीशी जुळला. मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोटाच्या पेराने त्या सिलिंडरवर हलकेच टकटक केलं. आवाज पत्र्याचा आला. पुन्हा एकदा केलं. मग माझ्या हातातला टॉर्च खाली वळवला, मागची कड पाहिली, तिथल्या बोल्टवर आटे मोजायचं माप लावलं. बोनेट दोन्ही हातांनी सावकाश खाली आणलं.

टॅन दाराशी उभे होते. "वेल, चीफ?"

"मला आठवडाभर द्या," काका म्हणाले.

बसमध्ये त्यांनी मला सांगितलं. वरचे सिलिंडर म्हणजे पत्र्याची खोळ होती, सुरेख ठोकून बसवलेली, रंगवलेली. आत एका जुन्या लॉरीचं इंजिन. नंबराची पट्टी खरी होती, तिच्याखालचं यंत्र एल्डरविकचं नव्हतं. "काम इतकं नीट केलंय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "इतकं नीट केलंय गं."

शुक्रवारी जेवताना काकू म्हणाल्या, "अहो, नका सांगू."

"मग काय लिहू?"

"काहीच लिहू नका. दिसत नाही म्हणून कळवा. डोळ्यांना मोतीबिंदू आहे ते खोटं आहे का? म्हाताऱ्याचे दिवस किती राहिलेत."

"शैला, मी पाहिलंय. न पाहता पाहिलं, असं खोटं मी एकदाच लिहिलं."

"माहितीय मला," काकू म्हणाल्या. "पण हा इब्राहिम नाहीये. इथे कुणी भाजणार नाहीये."

काका पानावरून उठून गेले. मग काकूंनी मला इब्राहिम सांगितला. काका बोटीवर अगदी नवे असताना एका वाफेच्या व्हॉल्व्हची तपासणी त्यांच्याकडे होती. उशीर झाला होता. वरचा इंजिनिअर म्हणाला, लिहून टाक, उघडून पाहिलं, ठीक आहे. काकांनी न उघडता लिहिलं, खाली सही केली. तिसऱ्या दिवशी तो व्हॉल्व्ह फुटला. समोर इब्राहिम होता, इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा, काकांच्याच भागातला. वाचला, पण चेहरा आणि डावा हात गेला तो गेलाच. परत बोटीवर चढला नाही. पुढच्याच सफरीत काकांना लिव्हरपूलला ते साप्ताहिक मिळालं. "रजेवर आले की आधी इब्राहिमकडे, मग घरी," काकू म्हणाल्या. "तो जाईपर्यंत हाच क्रम होता. लग्न झाल्यावर मलाही घेऊन गेले. तो माणूस कधी एक शब्द बोलला नाही यांना. चहा द्यायचा, आणि उजव्या हाताने यांच्या पाठीवर थोपटायचा. ते यांना सहन व्हायचं नाही."

रविवारी काकूंनी मला बरोबर धाडलं. "एकटे नकोत," एवढंच म्हणाल्या.

टॅननी बिस्किटांचा डबा उघडून ठेवला होता. काका खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी प्रस्तावना वगैरे केली नाही.

"मिस्टर टॅन, इंजिन एल्डरविकचं नाही. लॉरीचं आहे. ज्याने बसवलं त्याचा हात फार चांगला होता."

टॅन कपात बघत राहिले. "माझ्या वडिलांनी बसवलं."

"हो."

"ते म्हणाले होते, तेच आहे."

"हो," काका पुन्हा म्हणाले.

"आणि तुम्ही तसंच लिहिणार?"

"मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

टॅननी मान हलवली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण शोधून नीट दाबून बसवलं. मग मुलीला हाक मारून म्हणाले, "ग्रेस, चीफसाठी टॅक्सी बोलाव." आम्ही नेहमी बसने जायचो, हे त्यांना माहीत होतं.

अहवाल दोन वाक्यांचा झाला. इंग्लंडहून उत्तर आलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार. काकांनी ते मला वाचून संपवू दिलं नाही.

पुढच्या रविवारी ते नेहमीच्या वेळी कपडे करून कटोंगला गेले. फाटकाशी ग्रेस आली. "पापा रेस्टिंग, अंकल." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारीही. दर वेळी ते हॉकर सेंटरमध्ये जाऊन एकट्याने कॉफी पिऊन परत यायचे. चौथ्या आठवड्यात मधल्याच वारी ग्रेसचा फोन आला. टॅन हॉस्पिटलमध्ये वारले होते.

अंत्यदर्शनाला आम्ही तिघं गेलो. घरापुढे पांढरा मांडव, गोल टेबलं, शेंगदाण्याच्या बशा. काकांना तिथे कुणी ओळखत नव्हतं. ते टोकाच्या टेबलावर बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे शेवंतीच्या चहाचा छोटा खोका आणून ठेवला. शवपेटीपुढे जाऊन त्यांनी आपल्या पद्धतीने हात जोडले आणि बराच वेळ जोडलेलेच ठेवले, मागे रांग खोळंबली तरी. शेवटी काकूंनी कोपराला धरून त्यांना बाजूला घेतलं.

महिन्याभराने ग्रेस टॅम्पिनीसला आमच्या घरी आली. फोन न करता, ऑफिसच्या कपड्यांत. काकूंनी तिला चहा दिला, चिवडा दिला. ती चिवडा चमच्याने खात होती आणि खाली बघत बोलत होती.

"अंकल, मला सांगायला हवं. पापांना माहीत होतं."

काकांनी विचारलं, "काय माहीत होतं?"

"इंजिनाचं. पहिल्यापासून. माझ्या आजोबांनी झाडाखाली उकरलं तेव्हा आत पाणी शिरून सगळं सडलेलं होतं. पणजोबा तेव्हा अंथरुणावर होते, दिसायचं बंद झालेलं. रोज विचारायचे, गाडी सुरू झाली का. म्हणून आजोबांनी लॉरीचं इंजिन आणलं. पापा तेव्हा कॉलेजात होते, आणायला तेही गेले होते. गाडी सुरू केली आणि पणजोबांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. ते ऐकून रडले. म्हणाले, हाच तो आवाज. त्यानंतर खरं कुणीच कुणाला सांगितलं नाही."

काकांनी चिवड्याची बशी तिच्याकडे सरकवली.

"पापा तुमच्यावर रागावले नव्हते, अंकल. त्यांना लाज वाटत होती. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, चीफचं बरोबर आहे. पण त्या माणसाचं या गाडीवर एवढं प्रेम, मला वाटलं होतं, तो मला थोडंसं तरी फसवेल."

ती गेल्यावर काका तिथेच बसून राहिले. काकूंनी कप उचलले, टेबल पुसलं. मी आत जावं की थांबावं ते मला कळेना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला माहीत होतं. मग मी सांगितलं ते कुणासाठी?"

काकूंना उत्तर देता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, "उठा. पानं घेते."

चौदावी वही तिथेच थांबली. मी विचारलं की डोळ्यांचं कारण सांगायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी वही उघडली नाही. रविवारी कपडे करून बसायचे, कुठे जायचे नाहीत. काकू मुद्दाम मिक्सर बिघडलाय म्हणायच्या, ते दुरुस्त करून द्यायचे, पण काय बिघडलं होतं ते समजावून सांगायचे नाहीत. घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायला थोडे दिवस उरले असताना ग्रेसचा परत फोन आला. घर दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार होतं, ते पाडून नवं बांधणार होते. गाडी तिच्या भावाकडे पर्थला जायची होती. न्यायला माणसं येणार होती, पण वडील गेल्यापासून ती कुणालाच सुरू करता येत नव्हती. अंकल येतील का? मला वाटलं, नाही म्हणतील. ते उठून शर्ट बदलायला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी निघाले तेव्हा काका धडधाकट होते. पुढच्या वर्षी काका गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मला सुट्टी मिळून तिथे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलगा मेलबर्नहून येऊन गेला होता. वह्या काकूंनी मला दिल्या. चौदाही आता माझ्या कपाटात आहेत, चौदावी अर्धी कोरी.

पण मला आठवतात ते कटोंगचे काका. घर रिकामं झालं होतं. मागच्या अंगणात ग्रेस आम्हाला रामबुतानच्या झाडापाशी घेऊन गेली. म्हणाली, "आजोबांनी ते सडलेलं इंजिन परत इथेच पुरलं, अंकल. पापांनी जागा दाखवली होती. पुढच्या आठवड्यात मशीन येऊन सगळं खणणार आहेत. त्याआधी तुम्हाला हवं असेल तर मी माणसं लावून काढून देते."

एल्डरविकचं खरं इंजिन. कसंही असो, सडलेलं असो, पण खरं. काका त्या जमिनीकडे बघत होते. मी त्यांचा चेहरा बघत होते. ज्या वस्तूसाठी त्यांनी चौदा वह्या लिहिल्या होत्या ती त्यांच्या पायांखाली हातभर खोल होती.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

मग ते गॅरेजमध्ये गेले. बॅटरी बघितली, पेट्रोलची नळी साफ केली, काहीतरी फुंकलं, काहीतरी पुसलं. पुढे हँडल लावून फिरवायला त्यांनी गाडी न्यायला आलेल्या एका माणसाला उभं केलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसले. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं. लॉरीचंच ते, खडखडाट करणारं. हिरवं धूड सावकाश गॅरेजबाहेर आलं, अंगणात एक फेरी मारली आणि फाटकाशी येऊन थांबलं. ट्रकची फळी खाली टाकून माणसं तयार होती.

ग्रेस पुढे झाली. "ओके, अंकल. कॅन ऑफ ऑलरेडी." आता बंद करा, असं तिचं म्हणणं.

काकांनी एक बोट वर केलं. एक मिनिट.

एक मिनिट झालं, पाच झाली. इंजिन चालूच. ते समोर बघत नव्हते, शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून बसले होते आणि बोलत होते. ओठ हलत होते, मध्येच हात हलत होता, टॅननी मध्येच थांबवल्यासारखे थांबून मान डोलवत होते. फळीवरच्या माणसांनी ग्रेसकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. आम्ही सगळे तिथे उन्हात उभे राहिलो. इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि काकांचं बोलणं काही संपत नव्हतं.